गुराख्याचा पगार हाही खताचाच खर्च

गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर आमच्या ग्रामसभेत मी एक मागणी मांडली. भात कापून झाल्यापासून शिमग्यापर्यंत गावाने एक गुराखी ठेवावा आणि त्याच्या पगाराला ग्रामपंचायतीने हातभार लावावा, म्हणजे ज्यांना मळ्यात कुळीथ, वाल, चवळी करायची आहे त्यांना ती करता येईल. कुणी विरोध केला नाही. मागून एका काकांनी एवढंच विचारलं, "वहिनी, खताला अनुदान असतं, बियाण्याला असतं. गुराख्याला कसलं अनुदान?" विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला आणि पाणीपट्टीची चर्चा सुरू झाली.

काकांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण मी जे मागत होते ते खतच होतं. त्या दिवशी मला ते उभं राहून नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

आमची जमीन संगमेश्वर तालुक्यात. वर थोडी वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, आणि खाली पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या मळ्यात वीस गुंठे. भात कापलं की मळ्याचा वरचा थर आठ-दहा दिवसांत पांढरा पडतो. पण चार बोटं खाली माती उकरली तर ती अजून हाताला चिकटते. या अंगओलीवर, पाण्याचा एक हंडाही न देता, कुळीथ उभा राहतो. पेरणीला उशीर झाला तर ओल हातची जाते, म्हणून भात झोडायच्या आधी मी बियाणं टाकून घेते.

पेरून चाळीसेक दिवस झाले की मी दरवर्षी एक काम करते. एक रोप निवडून त्याच्या चारी बाजूंची माती खुरपीने सैल करायची, ढेकळासकट रोप उचलायचं आणि बादलीत बुडवून हलकेच हलवत राहायचं. उपटायचं नाही, उपटलं की हवं ते मातीतच तुटून राहतं. पाणी गढूळ होतं, माती तळाला बसते आणि मुळं मोकळी होतात. मुख्य मुळावर, जमिनीच्या अंगाला, मोहरीएवढ्या ते मिरीएवढ्या गाठी धरलेल्या असतात. नखाने एखादी फोडली की आत लालसर गुलाबी रंग दिसतो, ताज्या मांसासारखा. पहिल्यांदा मी ते सासूबाईंना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आतून तांबडा हाय ना? मग त्याला काय नको टाकूस." मी मात्र टाकून पाहिलं. भाताचा उरलेला युरिया बांधाकडच्या एका पट्ट्यात फेकला. तिथला कुळीथ जास्त उंच आणि जास्त हिरवा झाला. रोप धुतलं तर मुळावर गाठी तुरळक, आणि फोडल्यावर पांढुरक्या.

त्या दोन रोपांमधला फरक समजून घेताना मला आपल्या खतधोरणातली चूक दिसली. म्हणून आधी त्या गाठीत काय चालतं ते सांगते.

आपल्या अवतीभवतीच्या हवेत 78 टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, आहे. पण हवेतल्या नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना असे घट्ट धरून असतात की कुठल्याही झाडाला ते सोडवता येत नाहीत. भाताच्या खाचरावर हवेतलं नत्र अमाप आहे आणि भात उपाशी आहे, अशी ही स्थिती. ही मिठी सोडवण्याची कला निसर्गात फक्त काही सूक्ष्मजीवांना साधली आहे, आणि त्यातल्या काहींनी कडधान्यांशी भागीदारी केली आहे.

भागीदारीची सुरुवात झाड करतं. कुळथाचं किंवा चवळीचं कोवळं मूळ मातीत काही रसायनं सोडतं. योग्य जातीच्या जिवाणूंना ती ओळखू येतात आणि ते उत्तरादाखल आपलं रसायन सोडतात. ही खूण पटल्यावरच मुळाचं केसासारखं बारीक तंतुमूळ वाकून जिवाणूंना कवेत घेतं. मग त्या तंतूच्या आत एक नळी तयार होते, जिवाणू तिच्यातून आतल्या पेशींपर्यंत जातात, तिथल्या पेशी भराभर वाढतात आणि गाठ धरते. खूण जुळली नाही तर दार उघडत नाही. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा. आपल्याकडच्या चवळी, मूग, उडीद, कुळीथ, वाल, भुईमूग यांचं मात्र बरंचसं एक कूळ आहे. एकाच गटातले जिवाणू यांतल्या बहुतेकांच्या मुळांवर नांदतात. म्हणून चवळी झालेल्या जमिनीत पुढे कुळथाला सोबती आयता मिळतो.

गाठीच्या आत खरं अवघड काम सुरू होतं. नत्राचा रेणू फोडणारं जिवाणूंचं विकर, म्हणजे एन्झाइम, लोह आणि मॉलिब्डेनम या धातूंच्या आधाराने चालतं. एक रेणू फोडायला एटीपी या ऊर्जारेणूचे 16 रेणू खर्ची पडतात. ती ऊर्जा येते पानांनी उन्हात बनवलेल्या साखरेतून. दुसरी अडचण अशी की प्राणवायू लागला की हे विकर कायमचं निकामी होतं, आणि जिवाणूंना तर श्वासासाठी प्राणवायू हवाच. यावर झाडाने काढलेला तोडगा म्हणजे तो लाल रंग. झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचं प्रथिन बनवतं. ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या घराण्यातलं आहे. प्राणवायू धरून ठेवायचा आणि जिवाणूंना अगदी बेताबेताने द्यायचा, विकरापर्यंत मोकळा पोचू द्यायचा नाही, एवढं त्याचं काम. गाठ आतून लाल असेल तर काम चालू आहे. पांढुरकी असेल तर गाठ नुसती नावाला आहे, किंवा अजून कोवळी आहे. हिरवट झाली असेल तर तिचं आयुष्य संपलं. शेतकऱ्याला यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, नख पुरतं.

हे माणसाला कळून फार काळ झालेला नाही. 1886 मध्ये हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने विल्फार्ट या सहकाऱ्यासोबत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. निर्जंतुक केलेल्या वाळूत, नत्र न देता वाढवलेले वाटाणे उपाशी राहिले. त्याच वाळूत शेतातल्या मातीचा थोडासा अर्क घातला तर ते तरारून वाढले आणि त्यांच्या मुळांवर गाठी धरल्या. ओटला मात्र त्या अर्काचा काही उपयोग झाला नाही. 1888 मध्ये हॉलंडच्या बायेरिंकने गाठींतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांतच माणसाने स्वतः ती मिठी सोडवली. 1909 मध्ये फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला आणि कार्ल बॉशने त्याचा कारखाना 1913 मध्ये ओप्पाऊला सुरू केला. त्यासाठी चार-पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. कुळथाची गाठ तेच काम पौषातल्या थंडीत, मातीच्या ओलीत करते.

कोकणात हे दोन्ही कारखाने एकाच तालुक्यात पाहायला मिळतात. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा प्रकल्प आहे. तिथे नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया होतो. आणि त्याच अलिबाग तालुक्यात भात कापलेल्या शेतांत कडव्या वालाच्या मुळांवर गाठी धरतात. मी थळच्या विरोधात नाही. युरिया आला नसता तर आमच्या लहानपणी ताटात जेवढा भात होता तेवढाही मिळाला नसता, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न असा की या दोन कारखान्यांपैकी सार्वजनिक पैसा एकालाच का मिळतो?

हिशेब मांडून बघू. युरियाची 45 किलोची गोणी नीमलेप आणि करासह 266 रुपये 50 पैशांना मिळते. तिच्यात 46 टक्के, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम नत्र असतं. एक किलो नत्र शेतकऱ्याला जेमतेम तेरा रुपयांना पडतं. आता माझ्या वीस गुंठ्यांतल्या कुळथाने हेक्टरी 40 किलो या दराने हवेतून नत्र बांधलं असं धरू. हिशेबासाठी धरलेला आकडा आहे, ओलीप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे तो निम्मा होईल किंवा दुप्पट. तर वीस गुंठ्यांत झालं 8 किलो. त्याची किंमत शंभर-सव्वाशे रुपये.

शंभर रुपयांच्या नत्रासाठी चार महिने राखण कोण करील? कुणी नाही, आणि त्यात शेतकऱ्याचं काही चुकलं नाही. पण ते नत्र तेरा रुपये किलोने खरोखर तयार होत नाही. गोणी बनवायला किंवा परदेशातून आणायला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो आणि मधला फरक सरकार भरतं. म्हणजे गोणीतल्या नत्रासाठी आपण सगळे मिळून पैसे मोजतो. गाठीतल्या नत्रासाठी कुणी काही मोजत नाही, आणि मग गाठीतलं नत्र स्वस्त आणि बिनमहत्त्वाचं वाटू लागतं.

इथे मला पुन्हा बांधाकडचं ते रोप आठवतं. मातीत आयतं नत्र भरपूर मिळालं की कडधान्य गाठी धरत नाही, धरलेल्या असल्या तरी त्यांचं काम मंदावतं. साखर खर्चून जिवाणू पोसण्यापेक्षा आयतं उचलणं त्याला परवडतं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत कोकणातल्या शेतकऱ्याने नेमका हाच हिशेब केला. आयतं नत्र गावच्या सहकारी सोसायटीत मिळू लागलं आणि वालाची, कुळथाची राखण सुटली. झाड आणि शेतकरी दोघंही शहाण्यासारखेच वागले. त्यांच्यापुढे जी किंमत ठेवली तिच्याप्रमाणे वागले. ती किंमत ठरवणं आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.

एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगायची आहे, कारण कडधान्यांच्या बाजूने बोलणारे अनेकदा ती गाळतात. कुळीथ केला म्हणजे पुढच्या भाताला युरिया लागणारच नाही असं होत नाही. माझ्या वीस गुंठ्यांत साधारण 80 किलो कुळीथ होतो. त्यातलं प्रथिन धरलं तर पावणेतीन किलोच्या आसपास नत्र दाण्यांबरोबर घरात येतं. पाला आणि भुसा गुरांना जातो. मातीत उरतं ते मुळांतलं आणि गळलेल्या पानांतलं. त्यातलं जे उन्हाळ्यात कुजून मोकळं होतं ते मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाऊ शकतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच्यापुढे विरघळलेल्या नत्राचा टिकाव लागत नाही. तरीही हे नत्र जमेचंच आहे. कारण जे घरात आलं ते पिठल्यातून, उसळीतून, डाळिंब्यांतून आपल्या अंगी लागलं, आणि जे गुरांनी खाल्लं ते शेणातून उकिरड्यावर आलं. कापणी उपटून न करता विळ्याने केली तर मुळांतलंही जागेवर राहतं. आमच्याकडे कुळीथ मुळासकट उपटून खळ्यावर आणायची पद्धत आहे. ती मी माझ्यापुरती सोडली. कमरेला जरा जास्त त्रास होतो, पण खळ्यावर मातीही कमी येते.

ग्रामसभेतच एकाने असंही म्हटलं होतं की मोकाट गुरं शेतात फिरतात तेव्हा शेण टाकतातच की, तेही खतच आहे. शेण खत आहेच. पण गुरं हवेतून नत्र आणत नाहीत. ती एकीकडचं दुसरीकडे नेतात. माळावरचं गवत खाऊन शेतात शेण टाकलं तर शेताला मिळालं, शेतातलं खाऊन रस्त्यावर टाकलं तर शेताने गमावलं. आणि हल्ली गुरं रात्री कुठे बसतात ते मुंबई-गोवा महामार्गावरून येणारा कुणीही सांगेल. जमिनीत नव्याने भर घालण्याचं काम गाठ करते. एक वेगळी पण जवळची गोष्ट: आपण राब भाजतो, म्हणजे भाताच्या रोपांसाठीच्या जागेवर पाला पसरून जाळतो, तेव्हा पाल्यातला पालाश (पोटॅश) राखेत राहतो, पण नत्र धुराबरोबर हवेत जातं. मार्चमध्ये ते हवेत सोडायचं आणि जूनमध्ये गोणीतून विकत आणायचं, याचाही कधीतरी गावात बसून विचार व्हायला हवा.

आता गुरांकडे येते. गुरं हे कोकणातल्या रब्बी कडधान्याच्या आड येणारं सगळ्यात मोठं कारण आहे, आणि गुरांचा त्यात दोष नाही. पूर्वीही भात कापल्यावर गुरं सुटायचीच. पण ज्या मळ्यात सगळे पेरायचे तिथे सगळ्यांची नजर असायची. वाडीतला गुराखी गुरं सकाळी माळावर न्यायचा आणि दिवेलागणीला गोठ्यात आणायचा. मळाभर हिरवं असलं की एक माणूस पुरायचा. मग मुलं मुंबईला गेली, नांगरणीला पॉवर टिलर आले, बैलांचं काम संपलं, गुराखीही गेला. आता दूध न देणारी, कामाला न येणारी गुरं दिवसरात्र मोकळी असतात. मळ्यात एकट्याने पेरणाऱ्याला स्वतःच्या तुकड्याची चारी बाजूंनी राखण करावी लागते. वीस जणांनी मिळून एक कड राखायची ती एकट्याला राखावी लागली तर कुठलंच पीक परवडणार नाही.

मी पहिल्या वर्षी पेरलं तेव्हा कुंपणाला बंदरावरून जुनी मासेमारीची जाळी आणली. डिसेंबर अखेरीस फुलं लागली होती. एका रात्री एका कोपऱ्यातला खांब कलला आणि सात-आठ गुरं आत शिरली. सकाळी गेले तेव्हा मळ्यात शेंड्याचं एक पान नव्हतं. बुंधे तेवढे उभे होते, आणि दंवाने भिजलेल्या मातीत खुरांचे ठसे. मी एक बुंधा उकरून पाहिला. गाठी होत्या, पण पाला गेल्यावर त्यांना साखर पुरवणार कोण? पुढच्या चार-पाच दिवसांत त्या आतून हिरवट झाल्या. त्या गुरांचे मालक मला रोज भेटतात, चांगली माणसं आहेत. भांडून काय मिळणार होतं? पण एकटीने कुंपण घालणं हा याच्यावरचा उपाय नाही, हे त्या सकाळी पुरतं कळलं.

या भागीदारीचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. जिवाणूंमध्येही फुकटे असतात. झाडाची साखर खायची आणि नत्र द्यायचं नाही. 2003 साली सोयाबीनवर झालेल्या एका प्रयोगात काही गाठींभोवती नत्राऐवजी आर्गॉन वायू ठेवला, म्हणजे इच्छा असली तरी तिथल्या जिवाणूंना नत्र देता येऊ नये. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला आणि तिथे जिवाणूंची वाढ खुंटली. साखर पुरवायची आणि कामाचा हिशेबही ठेवायचा, यावर ही सोयरीक कोट्यवधी वर्षं टिकली आहे. गावाचंही तसंच असायला हवं. गुराखी ठेवायचा तर त्यानंतरही जो मुद्दाम गुरं सोडतो त्याला काही भुर्दंड हवा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा 1871 पासून आहे आणि कोंडवाड्याची तरतूद त्यातच आहे. आमच्या गावात कोंडवाड्याच्या भिंती अजून उभ्या आहेत, आत रुईची झाडं वाढली आहेत.

जिवाणू संवर्धकाच्या पाकिटांविषयीही बोलायला हवं. बऱ्याच वर्षांत जिथे कडधान्य झालेलं नाही, जिथे चार महिने पाणी तुंबतं आणि चार महिने ऊन तापतं, तिथे मातीतले योग्य जिवाणू रोडावतात. अशा जमिनीत बियाण्याला रायझोबियम, म्हणजे गाठी धरणारे हेच जिवाणू, चोळून पेरणं फायद्याचं असतं. काम सोपं आहे. गुळाच्या थंड पाण्यात पाकिटातली भुकटी कालवायची, दहा-पंधरा किलो बियाण्याला 250 ग्रॅम या बेताने हलक्या हाताने चोळायची, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. पण हे खत जिवंत आहे. नियमाप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत. मला मागच्या वर्षी तालुक्याच्या एका दुकानात मिळालेलं पाकीट पत्र्याच्या छपराखाली, युरियाच्या गोण्यांवर पडलेलं होतं आणि त्याची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. दुकानदाराला मुदत वाचून दाखवली तर तो म्हणाला, खताला कसली मुदत. युरियाची गोणी कोरडी ठेवली की झालं, आणि आपली सगळी विक्रीव्यवस्था त्या गोणीच्या सवयीने घडली आहे. जिवंत वस्तू विकायची तर ती गार जागी ठेवायला हवी आणि हंगामाच्या तोंडावर आणायला हवी. कोकणात हे खरीपाबरोबर जूनमध्ये आणून ऑक्टोबरपर्यंत शेल्फवर ठेवणं म्हणजे ते मारून विकणं.

जमिनीचंही थोडं बघायला हवं. आपली जांभ्याची तांबडी माती आम्ल आहे. अशा मातीत लोहाची आणि ॲल्युमिनियमची संयुगं स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात, आणि मॉलिब्डेनमही. जिवाणूंच्या विकराला मॉलिब्डेनम लागतं हे वर आलंच. चुना टाकला, आम्लता थोडी उतरली, की तेच मॉलिब्डेनम मोकळं होतं. खाडीकाठी पूर्वी शिंपल्या भाजून चुना करत, तो कुठे कुठे अजून मिळतो. पण कुणाच्या जमिनीला किती चुना हवा हे तपासल्याशिवाय कळत नाही. 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्यपत्रिकेत बारा बाबी तपासल्या जातात. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू (आम्लतेचं माप), जस्त, लोह, बोरॉन सगळं आहे, मॉलिब्डेनम नाही. पत्रिका वाचून शेतकऱ्याला सल्ला मिळतो तो किती गोण्या टाकायच्या याचा. तुमच्या जमिनीत कडधान्याच्या गाठी धरतील का, हे त्या पत्रिकेत कुठेच विचारलेलं नाही. जांभ्याच्या पट्ट्यासाठी तरी ही एक बाब वाढवावी, अशी माझी कृषी खात्याकडे मागणी आहे.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 1972 पासून या मातीसाठी बरंच काम केलं आहे. कोकण सदाबहार चवळी, कोकण वाल ही वाणं तिथलीच. भाताला युरिया वरून न फेकता त्याच्या गोळ्या चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध खोल दाबायची पद्धत आपल्या भागात रुळते आहे, तिने वाया जाणारं नत्र वाचतं. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीत गाडायची शिफारसही जुनीच आहे. गिरिपुष्प हेही शेंगावर्गातलं झाड, त्याच्याही मुळांवर गाठी असतात. फांद्या पावसाळ्याच्या तोंडावर रोवल्या की जगतात, आणि जवळजवळ लावल्या तर तीनेक वर्षांत बांधावर जिवंत कुंपण उभं राहतं. म्हणजे वाण आहे, पद्धत आहे, ओल आहे, जिवाणूही आहेत. राखण तेवढी नाही.

वानरं आणि रानडुकरं आहेतच. दिवसा गुराखी वानरं हाकलील, रात्रीच्या डुकरांपुढे त्याचं काही चालणार नाही. काजूबागेत पैसा आहे, मळ्यात नाही, असंही लोक म्हणतात आणि ते खरं आहे. सातबाऱ्यावर बारा नावं आणि त्यातली दहा बोरिवली-विरारला, ही अडचण तर मला रोजची आहे. या सगळ्यांवर एका गुराख्याने उत्तर मिळेल असं माझं म्हणणं नाही. पण गुरांचा प्रश्न सुटला तर ज्याला पेरायचं आहे तो पेरील, आणि पेरणारे वाढले तर बाकीच्या गोष्टींशी झगडायला माणसं असतील. आज मळ्यात मी आणि अजून दोघं आहोत, तिघांनी वानरं हाकलता येत नाहीत.

मागणीचा हिशेब मी आता लिहून काढला आहे. आमच्या मळ्यात साधारण दोनशे गुंठे भातजमीन आहे. एक गुराखी, महिना दहा हजार, नोव्हेंबर मध्यापासून मार्च मध्यापर्यंत चार महिने, म्हणजे चाळीस हजार रुपये. त्यातले वीस हजार ग्रामपंचायतीने द्यावेत, कारण युरियाच्या प्रत्येक गोणीमागे सार्वजनिक पैसा जातोच आहे. हा त्याच हेतूचा खर्च आहे आणि तो गावातल्या माणसाच्या हातात पडेल. उरलेले वीस हजार पेरणाऱ्यांनी गुंठ्याला शंभर रुपये या दराने भरावेत. माझ्या वाट्याला दोन हजार येतात. 80 किलो कुळीथ घरचा धरून आणि थोडा विकून तेवढे निघतात, मी दोन हंगाम पाहिलं आहे. गुरांच्या मालकांकडून काही घेऊ नये. त्यांची गुरं संध्याकाळी गोठ्यात आली तर शेण त्यांच्याच उकिरड्यावर पडेल, तो त्यांचा फायदा.

26 जानेवारीच्या ग्रामसभेसाठी हा विषय मी पुन्हा दिला आहे, पुढच्या कापणीआधी ठराव व्हावा म्हणून. अर्जावर नऊ सह्या झाल्या, मुंबईच्या दोन घरांचे फोनवरून होकार आले आहेत, कागद एसटीने पाठवला आहे. त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या काकांकडे अजून गेले नाही. या आठवड्यात जाईन. जाताना मळ्यातलं एक रोप मुळासकट, बादलीतल्या पाण्यातच, घेऊन जाणार आहे.